बारानबाईंची तिसावी खुर्ची

“माझ्याकडे माणूस म्हणून बघू नकोस, स्टेला,” बर्नार्ड हुडाक दारातच टोपी काढून म्हणाला. “मी भिंग आहे. माझ्यासमोर आलेली बारीकसारीक गोष्ट आपोआप मोठी होते.”

“भिंगा, आधी दार लाव,” स्टेला बारान म्हणाली. “बर्फ आत येतंय.”

भिंगाने दार लावायला घेतलं. ते लागेना, कारण तो ते चुकीच्या बाजूने ढकलत होता. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बहिणीने, अ‍ॅग्नेसने, हात पुढे करून दार ओढून घेतलं आणि ती काही बोलली नाही.

न बोलण्याला कारण होतं. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता, आणि या काळात माणसाने काहीतरी सोडायचं असतं. पिट्सबर्गच्या या टेकडीवरच्या बायका चॉकलेट सोडतात आणि पुरुष सोडल्याचं सांगतात. अ‍ॅग्नेसने यंदा धाकट्या भावाला टोचून बोलणं सोडलं होतं. जिभेवर आलेला शब्द गिळायचा आणि त्याच्या जागी मनातल्या मनात एक नमो मारिया म्हणायची, असं तिचं व्रत. उपवासकाळ अजून अर्धाही सरला नव्हता, पण पवित्र मातेला अ‍ॅग्नेसकडून इतकी वंदनं साऱ्या आयुष्यात पोचली नसतील.

बर्नार्डची उभी हयात मॉलच्या रखवालीत गेली होती. तेवढ्या काळात त्याने एकच चोर पकडला. तो चोर मॉलच्या मालकाचा मेहुणा निघाला, आणि तो पळवत होता ती छत्री त्याची स्वतःचीच होती. बर्नार्डच्या तोंडून ऐकाल तर त्या प्रकरणाने पिट्सबर्गच्या तिन्ही नद्यांचं पाणी हललं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने घराच्या दारावर ‘खासगी अन्वेषक’ अशी पाटी लावली. तिच्याखाली ‘साहाय्यक’ म्हणून अ‍ॅग्नेसचं नाव घातलं. ते तिला पोस्टमनकडून कळलं.

“हं, बोल,” बर्नार्ड हातमोजे काढत म्हणाला. “कोणाचा खून झाला?”

“खून कसला? माझी खुर्ची गेलीय.”

बर्नार्डचा चेहरा पडला. त्याने काढलेला एक हातमोजा पुन्हा घातला.

“हसू नका रे कोणी,” स्टेला म्हणाली. खरं तर कोणी हसलं नव्हतं. “तासाभरात दारूखात्याचे साहेब येतायत. आत एकोणतीस खुर्च्या आहेत. तीस लागतात.”

टेकडीवरच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरे होतं. स्टेलाच्या त्या लांबोळक्या, कोंदट, प्रेमळ खोलीला सगळी दुनिया बार म्हणत होती. कायदा मात्र तिला उपाहारगृह म्हणत होता. पेनसिल्व्हेनियाचा कायदा सांगतो की ज्या उपाहारगृहाला दारूचा परवाना हवा, ते मुख्यतः आणि नेहमी लोकांना जेवू घालणारं असावं, चालवणारी माणसं चारचौघांत नाव असलेली असावीत, आणि तिथे एका वेळी तीस जणांना बसता यावं. स्टेलाच्या या उपाहारगृहात वर्षभर मुख्यतः आणि नेहमी मिळणारं अन्न म्हणजे बरणीतली व्हिनेगरमधली अंडी. ती वर्षभर तीच होती. उपवासकाळातल्या शुक्रवारी तेवढा तळलेला मासा असायचा, आणि आज शुक्रवार होता.

तीस जण त्या खोलीत एका वेळी शेवटचे जमले ते स्टेलाच्या नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर. तेही उभेच होते.

“मागच्या वेळी अठ्ठावीस भरल्या,” स्टेला सांगत होती. “साहेब म्हणाले, बाई, पुढच्या वेळी एक जरी कमी निघाली तर परवान्याचं नूतनीकरण विसरा. म्हणून वरच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या दोन्ही खुर्च्या मी खाली आणल्या. वर्षभर ओट्याशी उभी राहून जेवतेय मी! काल संध्याकाळी मोजल्या तेव्हा बरोबर तीस होत्या. आज सकाळी सगळी कामं उरकून पुन्हा मोजल्या, तर एकोणतीस.”

“शेजारून एखादी आणायची,” अ‍ॅग्नेस हळूच म्हणाली.

“मागितली ना. शेजारणीकडे जास्तीची एकच आहे, आणि ती कामात आहे म्हणाली.”

सगळ्यांनी समजुतीने माना हलवल्या.

“मग मी घरून घेऊन येते.”

“खबरदार!” बर्नार्ड ओरडला. “हरवलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवणं म्हणजे खोटा पुरावा उभा करणं. अन्वेषकाची बहीण तुरुंगात गेलेली मला चालणार नाही. तपासात खंड पडेल.”

अ‍ॅग्नेसने एक नमो मारिया म्हटली. मग हिशेबाने आणखी एक म्हणून ठेवली.

बर्नार्ड कामाला लागला. तो गुडघ्यांवर बसला, गुडघे कटकट वाजले, आणि फरशीवर नाक टेकवून सरपटत तो भिंतीकडच्या टेबलापाशी पोचला. तिथे धुळीत चार गोल ठसे होते.

“आहा!” तो पुटपुटला. “चार ठसे. पावलं लहान, गोल, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. स्टेला, चोराला चार पाय आहेत. किंवा दोन चोर आहेत आणि दोघे अगदी शिस्तीत उभे होते.”

“ते खुर्चीच्याच पायांचे आहेत रे,” बारच्या टोकाला बसलेला चेस्टर म्हणाला.

चेस्टर हा शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. सकाळी दार उघडलं की तो आत यायचा आणि स्टेलाने खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या की निघायचा.

“खुर्चीच्या पायांचे? म्हणजे खुर्ची इथे होती,” बर्नार्ड म्हणाला. “हे सिद्ध झालं. तपास पुढे सरकला.”

तो उठला आणि चेस्टरच्या ग्लासाकडे बोट रोखलं. “तू काय पितोयस?”

“कायद्याच्या भाषेत सांगू की आपल्या?”

“कायद्याच्या.”

“धान्यापासून आंबवून केलेलं पेय, मद्याचं प्रमाण अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त,” चेस्टर म्हणाला. “आपल्या भाषेत, कालचीच बिअर. आणि स्टेलाने अ‍ॅग्नेसला दिलीय ना, ती रूट बिअर, गोड सरबत. तिच्यात अर्धा टक्काही नाही. म्हणजे नावात बिअर असून ती बिअर नाही, आणि हा बार असून बार नाही. कायदा मोठा विनोदी असतो, बर्नी. फक्त तो स्वतः हसत नाही.”

अ‍ॅग्नेसने ग्लास खाली ठेवला. उपवासकाळात रूट बिअर चालते का, हे तिने फादरना विचारून घेतलं होतं. फादर म्हणाले होते, अर्ध्या टक्क्याच्या खाली देवही बघत नाही.

“तू तिथेच का बसतोस? त्याच खुर्चीवर?” बर्नार्डने पुढचा वार केला.

“सवय आहे.”

“सवय नव्हे, प्रेम! माणूस वर्षानुवर्षं एका खुर्चीवर बसतो. ती त्याला हवीहवीशी वाटू लागते. एके रात्री तो तिला घरी घेऊन जातो.”

“मी माझ्या खुर्चीवरच बसलोय ना पण, आत्ता.”

बर्नार्डने वाकून खात्री केली. चेस्टर खरोखरच खुर्चीवर बसला होता.

“अलिबी पक्की आहे,” तो नाराजीने म्हणाला. “ठीक. मग आता खऱ्या गुन्हेगाराकडे वळू. अ‍ॅग्नेस, कायदा वाच.”

स्टेलाने त्या कायद्यातली व्याख्यांची पानं फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली होती, देवाच्या तसबिरीच्या शेजारी. अ‍ॅग्नेसने चष्मा लावला आणि वाचू लागली. मद्य म्हणजे काय, हॉटेल म्हणजे काय, क्लब म्हणजे काय. मग ती एका ओळीवर थांबली.

“‘व्यक्ती’ म्हणजे खराखुरा माणूस, संस्था किंवा कंपनी.”

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं.

बर्नार्ड चवड्यांवर उंच झाला. “टेकडीखालचं ते बडं किराणा दुकान! त्यांना बिअर विकायचीय. नवे परवाने निघत नाहीत. कोणाचा तरी जुना सुटल्याशिवाय त्यांना मिळणार नाही. आणि इथे बारानबाईची नेमकी एक खुर्ची जाते! कळलं का तुम्हाला? चोर ही व्यक्ती आहे, पण माणूस नाही. चोर कंपनी आहे!”

चूक असली तरी कल्पना मोठी होती.

“कंपनी खुर्ची उचलते कशी पण?” चेस्टरने विचारलं. “तिला हात असतात?”

“तिला वकील असतात,” बर्नार्ड म्हणाला.

“मग या कायद्याने तीस व्यक्ती म्हणजे तीस कंपन्याही इथे बसायला येऊ शकतात की,” चेस्टर म्हणाला. “त्यांना म्हणावं, या. खुर्च्या आहेत. अंडी पण आहेत.”

स्टेला हसली नाही. हातातल्या फडक्याने ती तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसत होती. “परवाना आम्ही विकत घेतो, तसं पत्र पाठवतो, असं ते खालचे लोक मागे दोनदा म्हणाले,” ती म्हणाली. “गोड बोलतात हो. म्हणतात, बाई, दमला असाल आता. मी दमलेय हे खरंय. पण हे गेलं तर मी सकाळी उठून खाली कुठे येऊ?”

अ‍ॅग्नेसने स्टेलाच्या पाठीवर हात ठेवला आणि एक नमो मारिया म्हटली, ती या वेळी भावापायी नव्हती.

बर्नार्ड खाकरला. “अजून एक शक्यता उरते. तिसावी खुर्ची कधी नव्हतीच. ती कायद्यासाठी मनात धरलेली खुर्ची होती. तू काल एकोणतीस मोजल्यास आणि भीतीने तीस म्हणालीस.”

“तिची लाल गादी मी स्वतः शिवलीय, बर्नी! तिचा एक पाय तारेने बांधलाय!”

“मनातल्या वस्तू फार बारकाईने दिसतात,” भिंग म्हणालं.

इतक्यात दार धाडकन उघडलं. आत आलेला माणूस मांड्यांपर्यंत बर्फाने माखला होता. त्याच्या भुवयांवर बर्फ होतं, काखेतल्या फाइलवर बर्फ होतं, आणि तो असा धापा टाकत होता की स्टेलाने न विचारता त्याच्यापुढे पाणी ठेवलं. तपासनीस यूरिच साहेब आले होते.

“उशीर झाला,” ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले. “गाडी. लावायला. जागा नाही.”

बर्नार्ड त्यांच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभा राहिला. “सकाळपासून कुठे होतात?”

“हा कोण?”

“माझा भाऊ,” अ‍ॅग्नेस म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि ते तिने व्रतात बसवलं.

“मी सकाळपासून ही टेकडी चढतोय,” यूरिच साहेब म्हणाले. “आधी गाडीने चार चकरा मारल्या. मग खाली चर्चपाशी गाडी सोडली आणि चालत निघालो. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा एका कुत्र्याच्या समोर पडलो, आणि त्याने तोंड फिरवलं.”

“सगळ्या रस्त्यात एकही जागा नव्हती?” चेस्टरने हळहळून विचारलं.

“एक होती. अगदी इथे, दारासमोर. सुरेख उपसलेली. पण तिच्यात खुर्ची होती.”

“अरेरे,” चेस्टर म्हणाला.

“मग काय करणार?” बर्नार्ड म्हणाला.

“काय करणार?” साहेब म्हणाले.

बर्फ पडल्यावर ज्याने घाम गाळून रस्त्यातली जागा उपसली, तो तिथे खुर्ची ठेवतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. त्यामुळे ते सगळे पाळतात. ती खुर्ची हलवणाऱ्या माणसाला या शहरात पुढे कोणी मुलगी देत नाही, आणि दिलेली असेल तर ती माहेरी निघून जाते. बर्नार्ड आणि अ‍ॅग्नेसनेही सकाळी ती खुर्ची बघितली होती, तिला वळसा घातला होता, आणि गाडी पार वळणापलीकडे लावून चालत आले होते. तिच्याकडे खुर्ची म्हणून दोघांपैकी कोणीच बघितलं नव्हतं. रस्त्यात ठेवली की ती खुर्ची राहत नाही, जागा होते.

अ‍ॅग्नेसच्या कपाळावर एक आठी उमटली.

“साहेब,” ती हळू आवाजात म्हणाली, “कशी होती हो ती?”

“कोण?”

“खुर्ची.”

“खुर्चीसारखी खुर्ची. लाल गादी. एक पाय तारेने बांधलेला.”

स्टेलाचा हात तोंडावर गेला. “अगं बाई!”

“ओळखीची आहे?” साहेबांनी विचारलं.

“मीच ठेवली ती! पहाटे बर्फ उपसलं, हाताला आली ती खुर्ची उचलली आणि ठेवली. अहो, तुमच्यासाठीच ठेवली! म्हटलं, साहेब येणार, त्यांना लांबून चालायला नको.”

यूरिच साहेबांनी पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला. “माझ्यासाठी?”

“हो!”

“मग मला कसं कळणार?”

“खुर्ची बाजूला करून गाडी लावायची ना!”

“मी? दुसऱ्याची खुर्ची हलवू?” साहेबांचा चेहरा आता थंडीने लाल नव्हता. “बाई, माझा जन्म याच शहरातला. मला काय फिलाडेल्फियाचा समजलात?”

“प्रकरण सुटलं!” बर्नार्ड गरजला. “मी पहिल्यापासून म्हणत होतो, खुर्ची या खोलीत नाही!”

अ‍ॅग्नेसने डोळे मिटले. तिचे ओठ बराच वेळ हलत होते.

“तपासनिसासाठी जागा धरून ठेवणं,” यूरिच साहेब फाइल उघडत म्हणाले, “याला कायद्यात एक शब्द आहे. लाच.”

स्टेला पांढरीफटक पडली.

“पण जागा मला मिळालीच नाही,” साहेब पुढे म्हणाले, “त्यामुळे लाच दिली गेली नाही. पुढे चला. आत किती आहेत?”

“एकोणतीस.”

“मग तिसावी आत आणा. व्याख्येत स्पष्ट आहे, इमारतीच्या आत.”

स्टेला धावली. तिचा हात दाराच्या कडीवर पडतो न पडतो तोच साहेब ओरडले, “थांबा! उचलू नका! आधी मी गाडी आणतो, मग उचला!”

जागा त्यांचीच होती, आणि आता ते त्यांना ठाऊक झालं होतं. ते टेकडी उतरले. स्टेला अंगावर शाल घेऊन खुर्चीशेजारी पहाऱ्याला उभी राहिली. गाडी आली, खुर्ची उठली, गाडी लागली, खुर्ची आत आली. साहेबांनी मोजल्या. चेस्टरला उठवून त्याच्या खालचीही बघितली. तीस भरल्या. त्यांनी एक खूण केली.

स्टेलाने श्वास सोडला. तेवढ्यात साहेब म्हणाले, “आता अन्न.”

“अंडी आहेत,” स्टेला म्हणाली.

साहेबांनी बरणीकडे बघितलं. “ही मला मागच्या वर्षीही भेटली होती.”

“आज शुक्रवार ना, मासा येतोय. गाडी येईलच.”

उत्तर म्हणून फोन वाजला. मासेवाला होता, आणि त्याचा आवाज लांबून ऐकणाऱ्यालाही स्पष्ट ऐकू येत होता. “बारानबाई, तुमच्या दारात कोणीतरी गाडी लावून ठेवलीय! पेट्या घेऊन मी खालून चढत येणार नाही. एक चक्कर मारतो. तोवर जागा झाली तर ठीक, नाहीतर मासा पुढच्या गिऱ्हाइकाला.”

सगळ्यांनी यूरिच साहेबांकडे बघितलं. यूरिच साहेबांनी व्याख्येकडे बघितलं.

खुर्ची आत असेल तर दारात जागा नाही. जागा नसेल तर मासा नाही. मासा नसेल तर जेवण नाही, आणि जेवण नसेल तर हे उपाहारगृह नाही. मासा हवा तर साहेबांनी गाडी काढायची, आणि मासेवाला चक्कर मारून येईपर्यंत जागा कोणीतरी धरायची. म्हणजे खुर्ची बाहेर. म्हणजे आत एकोणतीस. कायद्याचं एकच वाक्य होतं, पण या टेकडीवर बर्फाच्या दिवसात त्याचं डोकं आणि पाय एकाच वेळी अंथरुणात मावत नव्हते.

स्टेला फडकं घेऊन पुन्हा तेच टेबल पुसायला लागली.

“‘एका वेळी’,” यूरिच साहेब स्वतःशीच वाचत होते. “तीस माणसं एका वेळी. बरोबर. पण खुर्च्या आणि मासा एका वेळी हवेत, असं कुठे म्हटलंय?” त्यांनी वर बघितलं. “खुर्च्या मोजून झाल्यात. ते काम संपलं. आता मी मासा बघणार, ते वेगळं काम. बाई, खुर्ची बाहेर घ्या. मी गाडी काढतो.”

“बर्फातून परत चर्चपर्यंत जाल?” स्टेलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दोनदा पडलोच आहे,” साहेब म्हणाले. “रस्ता ओळखीचा झालाय.”

मासेवाला आला. स्टेलाने स्वतःच्या हाताने खुर्ची उचलली, पेट्या आत गेल्या, मासेवालाही पाठोपाठ आत आला. तेल तापलं. साहेब तिसऱ्यांदा पडून परत आले तेव्हा पहिला तुकडा कढईत पडत होता. त्यांनी वास घेतला, दुसरी खूण केली, सही केली, आणि फाइल बंद करून काखेत न मारता खाली ठेवली. मग रुमाल गळ्यात खोचून बसले. चर्चमधून परतणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याला वास लागला, तेही आत आले. मासेवाल्याला पुढची गिऱ्हाइकं होती. तो गेला. त्याची गाडी निघाली तशी स्टेला कढई अ‍ॅग्नेसच्या हवाली करून बाहेर जाऊन आली. उपसलेली जागा उघडी टाकून यायचं तिच्या हाताला जमलंच नाही.

बर्नार्ड खोलीच्या मधोमध उभा राहून या तपासाची हकीकत म्हाताऱ्या जोडप्याला सांगत होता. कंपनी, तिचे वकील आणि धुळीतले चार ठसे सगळं आलं. शेवटी पुरावा म्हणून त्याने हात फिरवून खुर्च्या मोजून दाखवल्या, आणि मध्येच त्याचा हात हवेत थांबला. त्याने पुन्हा मोजल्या. चेस्टरला उठवून बघितलं.

“स्टेला!” त्याचा आवाज फुटला. “पुन्हा एकोणतीस!”

यूरिच साहेबांनी मान खाली घालून माशाचा काटा काढला.

“असू दे रे,” स्टेला कढईवरून न वळता म्हणाली. “साहेबांना धरूनही माणसं सातच आहेत.”